हंसाबाईच्या अंगणातले बैल

"जे आपल्यासंगं चालत नाही, ते आपलं कसं म्हनावं?"

हंसाबाईने हे एकदा विचारलं होतं. यवतमाळच्या कचेरीत, माझ्या टेबलापुढे उभं राहून. खुर्ची दिली होती, पण ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभीच राहिली. बैलाजवळ माणूस उभं राहतं तशी. मी विचारलं होतं, स्थावर काय आहे? शब्द तिला कळला नाही, म्हणून सोपं करून सांगितलं, जागचं हलत नाही असं तुमच्या मालकीचं काय आहे? त्यावर ती हसली आणि हे म्हणाली. तिला माझा प्रश्न गमतीचा वाटला असावा. मला तिचं उत्तर अजून पुरतं कळलेलं नाही.

महाराष्ट्र होऊन दीडेक वर्ष झालं होतं. घर बांधायला कर्ज देणारी एक सहकारी संस्था यवतमाळात निघाली होती आणि मी तिच्यात कारकून होतो. पैसा सरकारकडून आलेला, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. म्हणून अर्जदाराची मिळकत एका रेघेच्या वर असून चालत नसे. पण पैसा परत यायला हवा, म्हणून ती दुसऱ्या एका रेघेच्या खाली असूनही चालत नसे. या दोन रेघांच्या मधे एक चिंचोळी पट्टी होती. तिच्यात माणूस बसतो की नाही हे पाहायचं काम निरीक्षक किसनरावांचं.

किसनराव वाईट माणूस नव्हते. ते कागदापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवत. अर्जदाराच्या घरी गेले की आधी उंबऱ्याबाहेरच्या चपला पाहत. चपला ओळीत लावलेल्या असतील तर हप्ते ओळीने येतात, असं त्यांचं म्हणणं. मग पाणी मागत. पाणी कोणत्या भांड्यातून येतं, भांडं कुणी आणलं, आणणाऱ्याने आधी ते विसळलं की नाही, हे बघत. परतताना कोपऱ्यावरच्या पानवाल्याला सहज विचारत, "हे कसे काय आहेत हो?" एका मास्तरचं कर्ज त्यांनी पानवाल्याच्या नुसत्या खांदे उडवण्यावर अडवलं होतं. हे सगळं बरोबर की चूक, मला तेव्हा ठरवता येत नव्हतं. अजूनही येत नाही, कारण त्या मास्तरने पुढे खरोखरच गाव सोडलं.

हंसाबाई घाटंजीकडच्या एका तांड्यातली. वय पन्नाशीचं. नवरा गेल्यावर कानाजवळच्या चांदीच्या घुगऱ्या तिने उतरवल्या होत्या. गळ्यातली हासळी राहिली होती. नवऱ्यामागे त्याची बैलजोडी आणि बंडी, म्हणजे बैलगाडी, तिनेच हातात घेतली. कापूस निघाला की शेतांतून सरकी काढायच्या जिनापर्यंत वाहायचा, तूर निघाली की बाजारात. बाई बंडी हाकते म्हणून जिनाच्या फाटकावर सुरुवातीला हसले लोक. एकाने विचारलं म्हणे, "बाई, बैल तुह्यं ऐकते का?" ती म्हणाली, "मानसापरीस जास्त ऐकते. हसत नाही." त्यानंतर फाटकावर तिची बंडी आधी आत घेत, असं मी ऐकलं. खरंखोटं माहीत नाही.

"घर कशाला पाहिजे?" किसनरावांनी त्या पहिल्या दिवशी आपल्या टेबलावरून विचारलं. "तुम्हाला तर न हलणारं काही आपलं वाटत नाही."

"माही पोरगी चालत नाही," ती म्हणाली. "म्हनून न चालनारं घर पाह्यजे."

पोरीचं नाव रामी. लहानपणी ताप आला आणि एका पायातली ताकद गेली. हंगामात हंसाबाई बंडी घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. रामी झोपडीत एकटी. झोपडी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची आणि गवताची, चूल आतच. दोन उन्हाळ्यांमागे वारा सुटला आणि चुलीतली ठिणगी भिंतीला लागली. तांड्याचा नायक देवीलाल जळत्या दारातून आत गेला आणि रामीला ओढून बाहेर घेऊन आला. हंसाबाई तेव्हा जिनाच्या फाटकावर रांगेत होती. तिसऱ्या दिवशी परतली तेव्हा तिला राख दिसली, आणि राखेशेजारी बसून हसणारी रामी.

आता रस्त्याला लागून सरकारने तांड्यातल्या काही जणांना जागा आखून दिल्या होत्या. तिलाही मिळाली. अट एकच, अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पाया भरून भिंती दिसल्या पाहिजेत, नाहीतर जागा परत. विटेच्या चार भिंती आणि वर टिनाचे पत्रे, एवढंच तिला हवं होतं. बंडीची कमाई, एक जोडी, एक माणूस पोसायचं. मी मनात हिशेब केला तेव्हा ती त्या चिंचोळ्या पट्टीत अगदी मधे बसत होती. इतकं नेमकं मधे बसलेलं माणूस मी त्या कचेरीत दुसरं पाहिलं नाही.

"निरीक्षक येतील पाहायला," मी सांगितलं.

"काय पाह्यतीन?"

"तुम्हाला. तुमचं घर, राहणं."

"घर नाही म्हनून तं घर मांगून राह्यली, अन् थे घर पाह्याले येतीन?" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग अर्जावर अंगठा उठवून निघून गेली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढचं मी नीट सांगू शकेन की नाही, शंका आहे.

साहेब पाहायला येणार, हे हंसाबाईने परत जाऊन सांगितलं असणार, आणि तांड्यात पाहुणा 'पाहायला' येतो तो एकाच कारणासाठी, सोयरीक जोडायला. तेव्हा त्या तांड्याची एक रीत होती. ज्याच्या घरी पाहुणा यायचा, त्याच्या अंगणात साऱ्यांनी आपले चांगले बैल आणून बांधायचे, पितळी भांडी आणून ठेवायची, बायकांनी आपली चांदी द्यायची. हे खोटेपण कुणाला वाटत नसे. पाहुणा एका घराशी सोयरीक करत नाही, तांड्याशी करतो. मग त्याने तांडाच पाहावा. आणि या रीतीचं एक टोक असं, की पाहुण्याला जे ज्याचं म्हणून दाखवलं, ते नंतर कुणी 'त्याचं नव्हतं' म्हणायचं नाही. मरेपर्यंत. पाहुण्याचे डोळे खोटे पाडणं हे तांड्यात चोरीहून वाईट.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. किसनरावांना तर नव्हतंच.

आम्ही एसटीतून उतरून चालत गेलो. सकाळची वेळ, थंडी होती. हंसाबाईच्या पुन्हा उभारलेल्या झोपडीपुढचं अंगण बैलांनी भरलं होतं. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांचे पट्टे. तीन-चार बंड्या ओळीने उभ्या. दारात पितळेची घागर, घागरीवर घागर. आणि या सगळ्याच्या मधे हंसाबाई उभी होती, हरवल्यासारखी. झोपेतून उठावं आणि दुसऱ्याच्या घरात असावं, तसा चेहरा.

"या, या!" नायक देवीलाल पुढे आला. उंच माणूस, पागोटं मोठं, आवाजही मोठा. "बसा साहेब. हे सारं आमच्या हंसाबाईचं बरं का."

"हे सगळे बैल?" किसनराव म्हणाले.

"मंग? कोनाचे?"

"नायक," हंसाबाई हळूच म्हणाली, "थो साहेब तं..."

"तू गप राय व," नायक प्रेमाने म्हणाला. "मोठ्या घरच्या बायकानं पाव्हन्यापुढं बोलू नाही."

किसनरावांनी सवयीने उंबऱ्याकडे पाहिलं. चपला नव्हत्याच, कुणाच्याच पायात नव्हत्या. मग त्यांनी पाणी मागितलं. घासून लखलख केलेल्या गडव्यातून पाणी आलं, आणणारीने तो दोनदा विसळला. शेजारच्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "बाई कशी काय आहे?"

"बाई?" म्हातारा म्हणाला. "तिच्या आज्यापाशी हजार बैलाचा लदेनी तांडा होता. बैलाच्या पाठीवर मीठ लादून आनत समुंदरावरून. तुम्ही डोये मिटून हो म्हना साहेब."

किसनराव वहीत लिहीत होते. मी पाय मोकळे करायला नायकाच्या घराकडे गेलो तर तिथे ओट्यावर एक पोरगी बसली होती, एक पाय अंगाखाली घेऊन. पाहुण्यासमोर पांगळी पोर नको म्हणून तिला तिकडे आणून ठेवलेली.

"तुमी कचेरीतले बाबू?" तिने विचारलं. "मी रामी. मले इथं लपवलं हाये."

"कशाला?"

"काय माहीत! सकाई उठून पाह्यतो तं अंगनात बैलच बैल. मी याडीले, माह्या आईले म्हनलं, याडी, इतके बैल आले, माह्यासाठी नवरदेव येऊन राह्यला का? याडी म्हने, गप, मलेच समजून नाही राह्यलं कोन कोनाले पाह्याले येऊन राह्यलं." ती खुदकन हसली. मग विचारलं, "पसंत पडलो का आमी?"

परतताना एसटीत मी किसनरावांना सांगितलं, ते बैल तिचे नसावेत. तिची एकच जोडी आहे, आणि घर मागतेय ते एका पोरीसाठी, ती पोर तर त्यांनी तुम्हाला दाखवलीच नाही.

"तुम्ही पाहिलं?"

"पोरीला पाहिलं. बैलांचं तिच्या बोलण्यावरून."

"मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहितो," किसनराव म्हणाले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "इतकी श्रीमंत बाई आपल्याकडे कशाला आली असेल?"

अर्ज नामंजूर झाला. मिळकत मर्यादेपेक्षा जास्त.

हंसाबाई आली ती संक्रांतीनंतर. कापसाची बंडी रात्री जिनात रिकामी करून, यवतमाळची सकाळची गाडी धरून. केसांत कापसाचे तंतू अडकलेले. मी तिला कारण सांगितलं. ते समजायला तिला वेळ लागला. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "जास्त हाये म्हनून नाही?"

"हो."

"मांगं एका बाईले तुमी कमी हाये म्हनून नाही म्हनलं. थे आमच्याच गाडीत रडत आलती."

"हो, तसंही असतं."

"मंग किती गरीब होऊन येऊ थे सांगा. तितकी होऊन येते." ती खरंच विचारत होती. बाजारात माप विचारावं तसं.

किसनराव आपल्या टेबलावरून उठून आले. त्यांनाही काही तरी टोचत असावं. म्हणाले, "बाई, खरं सांगा. ते बैल कोणाचे?"

ती हासळीशी बोटं चाळवत राहिली. मग म्हणाली, "नायकाले पुसा."

"तुम्हीच सांगा की."

"नायकाले पुसा," तिने पुन्हा म्हटलं. मला वाटतं तिची अशी आशा होती, की जी गोष्ट तिच्या तोंडून निघू शकत नाही ती नायकाच्या तोंडून निघेल. नायक मोठा. त्याला काहीही म्हणता येत असेल. निदान त्या दिवशी जाताना तिचा चेहरा हलका होता. दारात वळून मला म्हणाली, "अखाजी कवा हाये औंदा?" मी पंचांग पाहून सांगितलं. ती बोटांची पेरं मोजत गेली.

होळीच्या आधी दोघं आली. नायक देवीलाल धुतलेलं पागोटं घालून. हंसाबाई त्याच्या मागे. किसनरावांनी दोघांना खुर्च्या दिल्या. नायक बसला, ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"नायक," किसनराव म्हणाले, "त्या दिवशीचे बैल कोणाचे?"

"हंसाबाईचे."

"हे बघा, बैल तिचे असतील तर तिला कर्ज मिळत नाही. समजलं? तुम्हाला वाटलं असेल, जास्त दाखवलं की बरं. इथं उलटं आहे."

नायकाच्या कपाळाला आठी पडली. "ज्याच्यापाशी हाये त्याले देत नाही?"

"नाही."

"ज्याच्यापाशी नाही त्याले?"

"त्यालाही नाही."

"मंग देता कोनाले?"

"मधल्याला," किसनराव म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज थोडा पडला.

नायकाने खूप विचार केला. "असा मधला मानूस आमच्या तांड्यात नाही, साहेब. आमच्यात सारं एक तं साऱ्याचं, नाही तं कोनाचंच नाही."

"ते राहू द्या. तुम्ही फक्त खरं सांगा. तिची एकच जोडी, बाकीचे बैल दुसऱ्यांचे. एवढं सांगा, मी आत्ता नवा अहवाल लिहितो. भिंती अखाजीच्या आत उभ्या राहतील."

हंसाबाई नायकाच्या पागोट्याकडे पाहत होती. मी तिला इतकी स्थिर कधी पाहिली नव्हती.

"साहेब," नायक म्हणाला, "तुमी पाव्हने होऊन आलते. तुमाले दाखवलं का हे हिचं. आता मी म्हनू का तुमचे डोये खोटे होते? मी नायक हाये. मी असं म्हनलं तं उद्या तांड्यातला कोन कोनाचं कायले मानीन?"

"मग बैल तिचेच?"

"तिचेच."

किसनराव चिडले. माणसाला मदत करायला जावं आणि त्यानेच हात झटकावा, तशी ती चीड होती. "बरं," ते म्हणाले, "तिचेच ना? मग कर्ज हवंच कशाला? विका म्हणावं त्यांतले चार. तुमच्यासमोर विकू द्या. घर होऊन वर उरेल."

बाहेर रस्त्यावरून कापसाच्या गाड्या बाजाराकडे जात होत्या, त्यांचा करकर आवाज येत होता. ते बैल विकले तर तांड्यातल्या दोन घरांच्या बंड्या जागच्या जागी थांबणार होत्या, हे मलाही कळत होतं. नायकाने मांडीवरचे हात उलटे केले, पाहिले, पुन्हा पालथे केले.

"इकू द्या," तो म्हणाला. "त्या दिवशी हिच्या अंगनात बांधले, तवाच हिचे झाले. हिनं इकले तं मी आडवा येनार नाही. कोनाले येऊ देनार नाही."

"लिहा," किसनराव मला म्हणाले.

मी लिहिलं. नायकाचं म्हणणं जसंच्या तसं. मग शाईची गादी पुढे सरकवली. त्याने उजवा अंगठा टेकवला आणि कागदावर दाबला. कागदावर नुसता काळा डाग उठला, रेषा एकही नाही. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा तेच. मी त्याचा हात धरून उलटा केला. तळहात आणि अंगठ्याची कातडी गुळगुळीत होती, चकाकणारी, जळून भरून आलेली. त्या जळत्या दारातली.

"डाव्याचा घ्या," नायक म्हणाला. "हा कामाचा नाही आता."

मी डाव्याचा घेतला. मान वर केली तेव्हा हंसाबाई त्या उजव्या हाताकडे पाहत होती. हात तिने पूर्वी पाहिला नसेल असं नाही. रोजचा शेजार होता. पण शाईत काळा झालेला तो गुळगुळीत अंगठा ती अशी पाहत होती, की जणू तिथे काही लिहिलेलं आहे आणि तिला वाचता येत नाही.

"आता तुम्ही," किसनराव तिला म्हणाले. त्यांचा राग उतरला होता; आवाज मऊ होता, जवळजवळ विनवणीचा. "बाई, नायकाचं ते म्हणाले. तुमचं तुम्ही सांगा. बैल माझे नाहीत, एवढे तीन शब्द. मी तुमचंच धरीन. त्यांचं फाडून टाकीन, कोणाला कळणार नाही. पोरीचा विचार करा."

नायकाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता.

"नाहीतर दुसरं सांगा," किसनराव म्हणाले. "बैल माझे आहेत. मग अर्ज संपला, बैल विका, घर बांधा. दोन्हीपैकी काहीही. पण काही तरी सांगा."

मी नवा कागद घेतला. वर तिचं नाव लिहिलं. खाली जागा सोडली. गादी तिच्यापुढे सरकवली. सवयीनेच मी तिचा अंगठा हातात घेऊन शाईवर टेकवला. तिनेही टेकवू दिला. मग मी तो सोडला आणि दौतीत टाक बुडवून वाट पाहू लागलो, काय लिहायचं याची.

ती कागदाकडे पाहत होती. मग नायकाच्या त्या हाताकडे. मग दाराकडे, जिथून गाड्यांचा आवाज येत होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. बंडी दोन वाटांच्या फाट्यावर आली आणि दोन्ही बैल दोन बाजूंना ओढू लागले, की हाकणारा जसा क्षणभर कासरा नुसता हातात धरून राहतो, तसं काही होतं. कासरा कुठे ओढायचा हे मला ठाऊक होतं असं मला त्या वेळी वाटलं. आता वाटत नाही.

"बोला, बाई," किसनराव म्हणाले.

तिने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. शाई लागलेला अंगठा लुगड्याला लागू नये म्हणून बोटांपासून दूर धरला, दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि नावाखालची जागा तशीच कोरी ठेवून ती दारातून बाहेर निघून गेली.